जाळी

गोदाक्कांनी पेटीचं झाकण उघडलं, तर आत एकही माशी नव्हती. मुलीच्या बाळंतपणाला जाताना त्यांनी मधमाश्यांची ही पेटी माझ्यावर सोपवली होती.

"कधी कधी माश्या घर सोडून जातात रे. तुझा काय दोष?" चौकटीतल्या सुकलेल्या अळ्यांवरून बोट फिरवत त्या म्हणाल्या.

मला राहवेना. "अक्का, मी पेटीच्या दाराला जाळी लावली होती. आत शिरताना माश्यांच्या पायांवरचा पराग तिला घासून खालच्या ताटलीत पडायचा. आईच्या अशक्तपणावर तो चांगला, असं कुणीतरी म्हणालं. दोन दिवस ठेवायची होती. पंधरा दिवस काढलीच नाही."

अक्कांनी चौकट उचलून उजेडात धरली. "पिल्लांचं अन्न होतं रे ते. दिवसभर रानातून आणत राहिल्या असतील बिचाऱ्या, आणि घरात कण शिल्लक नाही."

चौकट परत ठेवून त्यांनी विचारलं, "आईला तरी गुण आला का?"

"नाही," मी म्हणालो. "कडू लागतो म्हणून तिनं पहिलाच चमचा थुंकून टाकला. उद्या खाईल, परवा खाईल म्हणत मी बरणी भरत राहिलो."