कोपऱ्यातला रेझिस्टर

माझ्या हाताखाली शिकून धाकट्या दिरांनी माझ्याच समोर दुकान थाटलं. धंदाही तोच, आपला बोर्ड बसवून जुने व्हिडिओ गेम नव्या टीव्हीला जोडून द्यायचे. आज मात्र हातात एक बोर्ड घेऊन मुकाट्याने माझी पायरी चढले.

"वहिनी, माझा बोर्ड बसवला की आठवड्याभरात चित्र हिरवं पडतं, मग पडदाच काळा. गिऱ्हाईकं दारात उभी आहेत."

"बोर्ड नक्की तुमचाच ना, भाऊजी?"

"म्हणजे काय! एकेक जोड मी आखलाय."

"मग कोपऱ्यात हा रेझिस्टर कशाला?"

"तो... तो तर लागतोच ना?"

"माझ्या एकाही बोर्डावर नाही. चित्र बिघडवतो तो. मी तो मुद्दाम फक्त खणातल्या वहीत काढला होता. तुम्ही माझा खण उचकताना दिसलात, त्याच दिवशी."