मधला राखाडी

राखाडी लेयर चढवली, तरी तिळाच्या एका बाजूला काळी कड उरलीच.

वरदने कॉम्प्युटरच्या पडद्यावर फोटो मोठा केला. संयोगिताताईंची मान, गळ्यात साज. गुजरीतल्या एका सराफाच्या कॅटलॉगसाठी त्या दर वर्षी शिवाजी पेठेतल्या या स्टुडिओत येत, आणि मानेवरचा तीळ वरद दर वर्षी घालवत असे. पद्धत सोपी होती. फोटोवर अगदी मधल्या राखाडी रंगाची लेयर, म्हणजे एक थर, ठेवायचा. ती लेयर स्वतः दिसत नाही. तिच्यावर जिथे पांढरा ब्रश फिरेल, तेवढाच खालचा फोटो उजळतो. यंदा ताई तशाच वळून बसल्या होत्या, म्हणून त्याने गेल्या वर्षीचीच लेयर आणून जुळवली होती.

"घालव की लवकर," मागच्या खुर्चीवरून ताई म्हणाल्या. "एवढ्या वेळात एक लगीन लागतंय."

दोष राखाडीचाच असणार. जुनी फाइल आठ बिटांची, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत छटा मोजक्याच. त्यांच्या शून्य ते दोनशे पंचावन्न या आकड्यांना नेमका मध्य नसतो. रंग केसभर का होईना, सरकतोच. त्याने सोळा बिटांत नवी लेयर केली, मध्य अचूक साधला, ब्रशचे जुने फटकारे तिच्यावर उतरवले. लेयर बंद-चालू करून पाहिली. बाकीच्या मानेचा रंग जराही बदलला नाही.

कड मात्र तशीच.

मग यंदाचा फोटो जवळून निघाला असेल. दोन्ही वर्षी साज तोच होता; त्याने त्यातला एक मणी मोजला. दोन्ही फोटोंत सारखाच भरला.

राखाडी बरोबर होता. माप बरोबर होतं. आता तपासायला फक्त मान उरली होती. त्याने लेयर बंद केली. तीळ उघडा पडला. एका बाजूने तो कागदावर शाई फुटावी तसा पसरला होता.

"ताई, हा वाढलाय. कॅटलॉग राहू द्या. आजच डॉक्टरला दाखवा."

ताई उठून पडद्याजवळ आल्या. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही. मग त्यांनी पदर मानेवर ओढून घेतला.

"ती लेयर परत लाव," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "माझ्या आईलाबी हितंच हुता. त्यानंच गेली ती. तू घालवलास की मला वर्षभर झोप लागती."