अक्षता पडेपर्यंत जाळ

तिसऱ्या वेळीही काटक्या नुसत्या धुमसल्या आणि विझल्या. रखमाजीने शेगडीचं दार उघडून जोरात फुंकर घातली, तशी सगळी राख त्याच्याच तोंडावर आली.

म्हाताऱ्याने या घरात आयुष्यभर चुलीला कधी हात लावला नव्हता. शेत, गुरं, बांधावरची भांडणं ही त्याची. जाळ मात्र सखूबाईचा. चुलीच्या धुराने तिचे डोळे अधू व्हायला लागले, तेव्हा मुलाने, कुमारने, सारोळ्याच्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून ही बिडाची शेगडी आणली आणि वर पत्र्याचं धुराडं बसवलं. सखूबाई ती बोलता बोलता पेटवायची. कशी, ते रखमाजीने कधी पाहिलं नव्हतं. आता विचारायची सोय नव्हती. दिवाळीत तिचं अर्धं अंग गेलं आणि त्यातच वाचा बसली.

त्याने खालचा कप्पा ओढून राख बाहेर काढली. जाळी मोकळी केली. गोवरीचा तुकडा, त्यावर काटक्या, त्यावर ढलप्या असं रचलं. या वेळी जाळाने जोर धरला.

"पेटली गं," तो आतल्या खोलीकडे बघून म्हणाला. मग उठून त्याने त्या खोलीचं दार ओढून घेतलं. आत धूर जायला नको होता.

आज शेगडी विझून चालणार नव्हती. नातीचं, मोहिनीचं, दुपारी किकवीच्या कार्यालयात लग्न होतं. कुमार घरच्यांना घेऊन कालच हळदीला गेला होता. गुंजवण्यातल्या त्यांच्या घरात मोबाईलला रेंज नाही, म्हणून जाताना त्याने खाली रस्त्यावरच्या चहावाल्या बंडूला बजावलं होतं, की धुराड्यातून धूर दिसतोय तोवर आई ठीक आहे असं समज. दिसेनासा झाला तर लगेच फोन कर, मी मांडवातून उठून येतो.

आणि बाप मांडवातून उठला तर संपलंच. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, पण मोहिनी काही नकटी नव्हती. मागच्या वर्षी ऐन तारखेच्या तोंडावर नवऱ्या मुलाचा चुलता वारला, लग्न लांबलं, आणि पोरगी पांढऱ्या पायाची अशी कुजबुज सुरू झाली. आता काही आडवं आलं तर आम्ही दुसरी सोयरीक बघू, असं त्या लोकांनी तोंडावर सांगितलं होतं. मोहिनी त्या दिवशी जेवली नव्हती.

उन्हं अंगणात आली तेव्हा पुतण्या पप्पू टेम्पो घेऊन आला. वऱ्हाडातली उरलेली माणसं मागे बसली होती.

"काकूच्या पाया पडून जातो," पप्पू म्हणाला.

"आत्ताच डोळा लागलाय तिचा. ऱ्हाऊ दे."

"रातीला बरी हुती का?"

"व्हय. जा तू, मुहूर्त गाठा."

पप्पूने पेटत्या शेगडीकडे बघून मान हलवली. जाळ पेटलेल्या घराबद्दल कुणी फार विचारत नाही. टेम्पो उतरून गेला.

मग शेजारची आक्काबाई शेळीचं दूध घेऊन आली. रखमाजी जाडजूड ओंडका शेगडीत कोंबत होता. "हितंच ठेव दूध," तो म्हणाला, पण तोवर ती आतही गेली होती. तिथं ती जरा वेळ थांबली. बाहेर आली ती पदराने डोळे पुसत.

"लई धूर केलाय तुमी," ती म्हणाली.

"झोपलीया ना ती?"

"व्हय. गाढ. वयनींना कुनी उठवू नका." तिने दार नीट लावलं. "आन् त्यो ओंडका काढा आधी, जाळ गुदमरतोय. निखारं पडल्याबिगर जाड लाकूड घालायचं न्हाई. बंडूला धूर दिसाय पायजे ना? मग वरनं एक ओली फांदी टाका."

फांदी तिनेच आणून टाकली. धुराड्यातून पांढरा लोट निघाला.

दुपारकडे ती शेळ्या घेऊन टेपाडावर गेली. तिथं रेंज मिळते. रखमाजी एकटाच जाळापुढे बसून राहिला. रात्रभर जागून अंग मोडून आलं होतं, डोळे जळत होते. आत जाऊन सखूबाईजवळ बसावं, तिचा हात हातात घ्यावा असं त्याला फार वाटत होतं. पण शेगडी सोडून उठायची भीती वाटत होती. लाकूड जळून खाली बसलं की तो दुसरं सरकवत होता.

आक्काबाई टेपाड उतरून आली ती धापा टाकत.

"पडल्या अक्षता. कुमारशी बोलले म्या. मोहिनी वयनींची आठवन काढून रडली म्हनं, पन आता जेवायच्या पंगती बसल्यात. सगळं नीट झालं."

रखमाजी शेगडीपुढे वाकला. त्याने चिमट्याने एकेक लाकूड बाहेर ओढलं आणि बादलीत बुडवलं. शेवटचा निखारा विझेपर्यंत तो पाणी शिंपडत राहिला.

आक्काबाई पदर खोचून उठली.

"परत वर जाऊन कुमारला फोन लावते. वयनी आत्ता गेल्या म्हनून सांगते," ती म्हणाली. "पहाटंचं आपल्या दोघातच ऱ्हाऊ द्या, तात्या."