एवढीशी भोकं

नणंदेच्या आतड्याला कितीतरी वर्षं सूज होती. शेवटी दुर्बिणीतून ऑपरेशन करून आतड्याचा खराब भाग काढून टाकला. दवाखान्यात भेटून आलेली वहिनी रात्री जेवताना नवऱ्याला आणि लेकीला नक्कल करून दाखवत होती.

"पोटावर एवढीशी भोकं, आणि बाईसाहेब महिनाभर आडव्या! आधी उठसूट संडासात जाऊन कामं टाळायच्या, आता हे नवीन निमित्त!"

नवरा कसनुसं हसला. लेक मात्र ताट तसंच टाकून उठली. वहिनी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली.

"काय गं, हल्ली धड जेवत का नाहीस?"

लेकीने मान वर केली नाही.

 

"मलाही आत्यासारखं संडासातून रक्त पडतंय, आई. तिला केव्हाच सांगितलं. तुला सांगायचीच लाज वाटत होती."