कोपऱ्यातलं बोट

अनिशने नवाकोरा, पण जुन्या धाटणीचा छोटा कॅमेरा मागवला. हातात भरभक्कम लागायचा, बटण दाबलं की खट्कन वाजायचा. आंब्याच्या पेट्यांचे फोटो काढायचं काम त्याने बायकोवर, आर्यावर टाकलं आणि पहिल्याच दिवशी तिच्यावर तोंड टाकलं. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात एक लाल बोट आलं होतं.

"रातांबे फोडलेस ते फोडलेस, हात तरी धुवायचे. आणि बोट मध्ये कशाला घालतेस?"

कोकमासाठी रातांबे फोडून आर्याची बोटं लाल झाली होती, हे खरं. पण बोट मध्ये घातलं नव्हतं, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. तिने हात खसाखसा घासले आणि पुन्हा फोटो काढले. बोट होतंच.

"एवढं साधं जमत नाही तुला."

आर्याचं डोकं फिरलं. अंगणाच्या कडेच्या जांभ्या दगडाच्या गडग्यावर, त्या बुटक्या कुंपणभिंतीवर, तिने कॅमेरा ठेवला, टायमर लावला, नवऱ्याचं मनगट धरून त्याला पेट्यांपाशी ओढत नेलं आणि आपले दोन्ही हात वर केले.

खट्.

कॅमेरा ठेवला तिथेच होता. फोटोत दोघं होती, तिचे दोन्ही हात वर होते, आणि कोपऱ्यात ते लाल बोट होतं.

"आता बोला," ती म्हणाली.

अनिश फोटोच्या खालच्या कडेकडे बघत होता. तिथे कॅमेरा ठेवलेला तोच गडगा या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसत होता आणि त्यावर काहीच ठेवलेलं नव्हतं.