बाबांचे कान

श्रीपतींनी मुलाच्या, धम्मदीपच्या हातातला लांब स्क्रूड्रायव्हर काढून घेतला आणि मुलीच्या, संघप्रियाच्या हातात दिला.

“तुझं झालं ना ऐकून? आता हिला ऐकू दे.”

हाटकेशच्या त्यांच्या गॅरेजच्या गाळ्यात साठच्या दशकातली फियाट बॉनेट उघडून उभी होती. तिचं इंजिन धम्मदीपने पार सुटं करून पुन्हा बांधलं होतं. पिस्टन नवे, रिंगा नव्या, बेअरिंगंसुद्धा नवी. गाडी घोडबंदरला मालकाकडे गेली आणि आज सकाळी परत आली. “आतमधी कायतरी ठोकतंय. आवाज हाय तवर मी गाडी न्हेनार न्हाय,” म्हणून मालक रिक्षा करून निघून गेला. व्हॉल्व्हवरचे टॅपेट वाजत असणार, असं म्हणत धम्मदीपने दुपारपर्यंत टॅपेट सेट केले. पुन्हा केले, पुन्हा केले. टकटक आपली चालूच.

श्रीपतींचे कान याच गाळ्यात गेले होते, इंजिनांवर वाकून वाकून. कानाचं मशीन होतं, पण गाळ्यात ते शिट्ट्या मारायचं, म्हणून ते घरी कपाटात. इंजिन अडलं की ते फोन लावायला सांगायचे तो शांती नगरच्या बँकेत नोकरी करणाऱ्या संघप्रियाला. लहानपणी ती शाळेतून थेट गाळ्यात यायची. तेव्हापासून तिला कान आहे, हे श्रीपती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. शाळा सुटल्यापासून इथेच हात काळे करणाऱ्या धम्मदीपला काय आहे, ते मात्र त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय!

संघप्रियाने गळ्यातलं बँकेचं आयकार्ड पाठीवर टाकलं. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

धम्मदीप हाताची घडी घालून उभा राहिला. हिला सापडू नये, असं त्याला वाटत होतं. अगदी मनापासून वाटत होतं. इंजिन त्याने बांधलेलं, नाचक्की झाली तर तीही त्याचीच. तरी ते असंच ठोकत राहिलेलं चालेल, पण हिने येऊन बोट ठेवू नये. तिच्या नखांवरच्या नेलपॉलिशचासुद्धा त्याला राग आला.

टोक वरून खाली आलं, कडेला सरकलं आणि थांबलं.

“दादा, टॅपेट नाहीये,” ती म्हणाली. इंजिन चालू होतं. बाबांना ऐकू जायचा प्रश्नच नव्हता. “पेट्रोल पंप ठोकतोय. खाली पॅकिंग किती टाकलेस?”

“दोन. बाबा दोनच टाकतात.”

“बाबा कागदाचे टाकायचे ना रे, हाताने कापलेले. पातळ असायचे ते. तू बाजारातले टाकलेस. दोन जाड पॅकिंग झाले, पंप बाहेर सरकला. आतली दांडी फिरत्या कॅमवर टेकतच नाहीये नीट, म्हणून आपटतेय.”

बाबांना कात्रीने कागद कापताना धम्मदीपने हजार वेळा पाहिलं होतं. दोन हा आकडा तेवढा त्याने लक्षात ठेवला होता.

“काढ एक,” ती हळूच म्हणाली. “मी बाबांना काही बोलत नाही.”

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. सापडलं ते सापडलं, वर दानही करते! पण हात कामाला लागले होते. इंजिन बंद केलं, पंप उतरवला, एक पॅकिंग काढला, पंप पुन्हा कसला. चावी फिरवली.

टकटक नव्हती. इंजिन इतकं मऊ चालत होतं, की शेजारच्या गाळ्यातला वेल्डिंगवाला बबन मास्क वर करून बघायला आला.

श्रीपतींनी इंजिनावर तळहात ठेवला. मग दुसराही ठेवला. हाताला ठोका लागला नाही, तसं त्यांनी मुलाच्या पाठीवर एवढी मोठी थाप मारली, की तो पुढे झुकला.

“शाबास!” बहिऱ्या माणसाचा आवाज तो, सगळ्या ओळीत गेला. “पंपात होतं व्हय? तू पकडलंस?”

‘शाबास’ हा शब्द धम्मदीपने स्वतःसाठी या गाळ्यात कधीच ऐकला नव्हता. त्याला तो हवा होता. बबनसमोर हवा होता, तिच्यासमोर तर हवाच होता.

“प्रियाने पकडलं,” तो म्हणाला. म्हणाला म्हणजे ओठ हलले, एवढंच.

“आँ?” श्रीपतींनी कानामागे हात धरला.

घरात सगळे दुसऱ्यांदा ओरडून सांगत. धम्मदीपनेही आजवर तेच केलं होतं. त्याने श्वास घेतला. बाबा तोंडाकडे बघत होते, हसत होते. त्याने तोंड मिटलं आणि होकारार्थी मान हलवली.

“बघ गं प्रिया!” श्रीपती लेकीकडे वळले. “आज तुझ्या आधी दादाने पकडलं!”

संघप्रिया चिंधीने बोटं पुसत होती. तिने एकदा भावाकडे पाहिलं. मग बाबांच्या कानाशी तोंड नेऊन, बबनला, पलीकडच्या चहावाल्याला, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती ओरडली,

“हो बाबा! दादानेच पकडलं!”