नाक्यावरचा फोटो
गावच्या नाक्यावर रुचिकाच्या वाढदिवसाचा नवा फ्लेक्स चढत होता. यंदाही तिच्या फोटोखाली ठळक अक्षरांत ‘भावी सीए’ असं छापलं होतं. ती अलिबागच्या एसटीतून उतरली आणि शिडीवरच्या भावाला म्हणाली, “खाली घे तो. मी अकाउंटिंग सोडलं, भूगोलाला प्रवेश घेतला.” भाऊ दोरी धरून शिडीखाली उभ्या वडिलांकडे बघत राहिला. रिक्षावाला हसला, “धर्माशेठ, आता भावी नकाशा छापा.” वडिलांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. “कठीण होतं तर सांगायचं, बाय. क्लास लावला असता. नापास झालीस?” “एका पेपरात,” ती म्हणाली. “मग त्यात काय? तू एकलीच हायस?” “नाही बाबा, अर्धा वर्ग नापास झाला. निकाल पाहून सगळे हसत घरी गेले. मी मात्र त्या दिवशी आधीच्या थांब्यावर उतरले आणि हा नाका आणि इथला गेल्या वर्षीचा फ्लेक्स टाळून खाडीकाठच्या खाजणातल्या चिखलातून चालत घरी आले.”